‘मुलीचा वाटा’ सापडला नाही तेव्हा

भाचीचा धुळ्याहून फोन आला तेव्हा इशाची नमाज होऊन गेली होती. आम्ही दोघे भाऊ जळगावला एकाच घरात वर-खाली राहतो. फोन धाकट्याने उचलला आणि तिचा आवाज ऐकून लगेच स्पीकरवर टाकला. “मोठे मामू आहेत का? दोघांनाही विचारायचंय. कुरआनात मुलीचा वाटा नाहीच का हो?”

मागचे सगळे आम्हाला माहीत होते. आमचे मेव्हणे वारले त्याला सहा महिने झाले होते. रावेरकडे त्यांची आठ एकर केळीची शेती. मागे आमची आपा, एक मुलगा आणि दोन मुली. दोन्ही मुलींची लग्ने झालेली, त्यातली ही धाकटी धुळ्यात दिलेली. चाळिसावे झाल्यावर घरात हक्कसोडपत्राचा विषय निघाला. खान्देशात हे काही नवे नाही. बहिणींनी सही करायची, भावाने ईदला साडी-चोळी पाठवायची, माहेर उघडे राहते. भाचीने विचारले होते की दीनमध्ये काय सांगितले आहे ते तरी आधी बघू. त्यावर तिच्या भावाने तिच्यासमोरच फोनमधल्या मराठी कुरआनच्या अ‍ॅपात ‘मुलीचा वाटा’ असे लिहून शोधले. निकाल शून्य आला. तिने स्वतःच्या फोनवर पुन्हा शोधले. पुन्हा शून्य.

मुलगा लबाड नाही, हे आम्ही इथेच सांगून ठेवतो. त्याने खरोखर शोधले आणि त्याला खरोखर काही सापडले नाही. जे दिसले तेच त्याने बहिणीला सांगितले. आमची काळजी नेमकी त्यामुळेच वाढली, कारण असे प्रामाणिक शून्य आता घराघरात निघू लागले आहे. पूर्वी मसला पडला की माणूस मौलवीसाहेबांकडे जाई, घरातल्या बुजुर्गांना विचारी. आता आधी फोनला विचारतो, आणि फोन ‘एकही निकाल नाही’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘कुरआनात नाही’ असा लावतो. फोनला म्हणायचे एवढेच असते की, तुम्ही दिलेली अक्षरे, त्याच क्रमाने, या एका भाषांतरात नाहीत.

आम्ही तिला त्याच रात्री सूरह निसाची ७ वी आणि ११ वी आयत उघडायला सांगितली. सातव्या आयतीत सांगितले आहे की आईबापांनी आणि जवळच्या नातलगांनी मागे ठेवलेल्या मालात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही आहे, माल थोडा असो की फार, आणि हा हिस्सा ठरवून दिलेला आहे. अकराव्या आयतीत मुलाबाळांच्या वाटणीचे प्रमाण आहे. तिने वाचले, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने जो प्रश्न विचारला तो या लेखाचे कारण आहे. “मामू, हे इतकं स्पष्ट आहे, तर मग मला सापडलं का नाही?”

त्या आयतींमधले शब्द

उत्तर शोधायला आम्हालाही वेळ लागला. आधी मूळ अरबी पाहिले. अकराव्या आयतीच्या आरंभी ‘मुलगी’ या अर्थाचा नेहमीचा अरबी शब्द ‘बिन्त’ येतच नाही. तिथे ‘औलाद’ म्हणजे संतती आहे, ‘ज़कर’ म्हणजे नर आहे, ‘उन्सा’ म्हणजे मादी आहे, आणि पुढे ‘निसा’ म्हणजे स्त्रिया. वाट्यासाठी सातव्या आयतीत ‘नसीब’ हा शब्द आहे, तर अकराव्यात ‘हज़्ज़’. म्हणजे मुळातच दोन ठिकाणी दोन शब्द. आता हे मराठीत आणणारा अनुवादक काय करील? कोणी ‘स्त्री’ लिहील, कोणी अर्थ उलगडून ‘मुलगी’ लिहील. कोणी ‘वाटा’, कोणी ‘हिस्सा’, कोणी ‘भाग’. मराठीत आज कुरआनचे एकापेक्षा अधिक अनुवाद उपलब्ध आहेत. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टने प्रसिद्ध केलेला आहे, मुंबईच्याच अल-बिर्र फाउंडेशनने काढलेला मुहम्मद शफी अन्सारी यांचा आहे. दोन्ही घरांत वाचले जातात आणि दोघांची मराठी वेगवेगळ्या वळणाची आहे. एकात पाठ झालेला शब्द दुसऱ्यात शोधला तर हात रिकामे राहण्याची शक्यता मोठी.

त्यात आपल्या मराठीची स्वतःची एक खोड आहे. मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो. ‘वाटा’ म्हणून शोधाल तर ‘वाट्याला’, ‘वाट्याचा’, ‘वाट्यात’ हे येणार नाहीत, कारण तिथे ‘टा’चा ‘ट्या’ झालेला असतो. उलट ‘वाटा’ या शब्दावर रस्त्याच्या वाटाही येऊन उभ्या राहतील, त्या तुम्हाला नको होत्या. ‘हिस्सा’चे कोणी ‘हिस्स्याला’ करतो, कोणी ‘हिश्श्याला’. ‘मुलगी’चे ‘मुलीचा’, ‘मुलींना’. त्यात ‘गी’ नाहीसा होतो. ‘स्त्री’चे ‘स्त्रिया’ होताना दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते आणि यंत्राच्या लेखी ते वेगळेच अक्षर ठरते. भाचीने लिहिलेले ‘मुलीचा वाटा’ हे दोन शब्द एकवचनात, षष्ठीत, एकमेकांना चिकटून आले असते तरच सापडले असते. तसे ते कुठल्याही अनुवादात असण्याचे कारण नव्हते.

जाता जाता या आयतींच्या मागची हकीकत सांगतो, कारण ती घरातल्या मुलींना माहीत असायला हवी. उहुदच्या लढाईत सअद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळा माल ताब्यात घेतला. सअद यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की यांच्या चुलत्याने सगळे घेतले, यांच्यासाठी काहीच ठेवले नाही. प्रेषित (स.) म्हणाले की अल्लाह याचा निर्णय करील. मग वारसाहक्काची आयत उतरली. प्रेषित (स.) यांनी त्या चुलत्याला बोलावून सांगितले की, दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा भाग दे, उरेल ते तुझे. २४ भाग केले तर मुलींचे १६, आईचे ३ आणि चुलत्याच्या हाती ५. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली ही रिवायत तिर्मिज़ी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे.

समोरच्या घरातले पाळक

पुढच्या रविवारी आम्ही एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला गेलो. भाचीच्या घरासमोर एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात, निवृत्त शिक्षक. त्यांच्या मंडळीत पाळक नसतील त्या रविवारी हेच संदेश देतात. बोलता बोलता शोधाची गोष्ट निघाली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “अहो, आम्ही यात फार मार खाल्लाय.” त्यांनी लॅपटॉप उघडून बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर दाखवले.

त्यांचे उदाहरण असे. येशूच्या शिकवणीत ज्या राज्याबद्दल वारंवार सांगितले जाते, त्याला मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ‘देवाचे राज्य’ म्हटले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ आहे. नवा अभ्यासक फक्त ‘देवाचे राज्य’ शोधतो, मत्तयातली बहुतेक वचने त्याला दिसतच नाहीत, आणि त्यावर तो मोठा सिद्धांत मांडून मोकळा होतो की मत्तयाला या विषयाचे वावडेच होते. म्हणून गुरुजी दोन्ही शब्द एका कंसात घालतात, मध्ये उभी रेघ देतात:

(देवाच* | स्वर्गाच*) राज्य*

कंसाचा अर्थ, यातला कुठलाही एक चालेल. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. काही सॉफ्टवेअरमध्ये तिच्याऐवजी इंग्रजी ‘ऑर’ मोठ्या अक्षरांत लिहावे लागते. फुली म्हणजे शब्दाचे पुढचे रूप काहीही असो. त्यामुळे ‘देवाचे’, ‘देवाच्या’, ‘देवाचा’ आणि ‘राज्य’, ‘राज्यात’, ‘राज्याविषयी’ हे सगळे एका फटक्यात येते. सारे वाक्य अवतरणचिन्हात घातले की शब्द एकमेकांना लागून आलेच पाहिजेत, अशी अट होते. ती अट मराठीला बहुधा जाचक ठरते. मराठी वाक्यात शब्द मागेपुढे फिरतात, मध्ये दुसरा शब्द येतो. म्हणून गुरुजी अवतरणचिन्हापेक्षा ‘पाच-सहा शब्दांच्या अंतरात’ असा पर्याय असेल तर तो घेतात.

आम्ही तिथेच बसून आमच्या आयतींसाठी कंस बनवायला घेतले. भाची, तिची सासू, गुरुजी आणि आम्ही दोघे. मध्ये चहा आणि शेव. पहिला कंस स्त्रीचा: मुलगी*, मुली*, स्त्री*, स्त्रि*, लेक*. दुसरा वाट्याचा: वाट*, हिस्स*, हिश्श*, हक्क*. सासूबाई म्हणाल्या, ‘भाग’ पण लिहा. लिहिला. मग ‘वाट*’ने ‘वाटले’, ‘वाटेल’, ‘वाटेत’ असे भलतेच शब्द आणायला सुरुवात केली, पण त्याबरोबर ‘वाटप’ही आणले, जो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. शेवटी आकृती अशी झाली:

(मुलगी* | मुली* | स्त्री* | स्त्रि* | लेक*) (वाट* | हिस्स* | हिश्श* | भाग* | हक्क*)

अंतर दहा शब्दांचे ठेवले. सूरह निसाच्या दोन्ही आयती आल्या. इतर बऱ्याच आल्या, त्यांतल्या निम्म्या कामाच्या नव्हत्या. त्या डोळ्यांनी चाळून बाजूला केल्या. गुरुजींचे म्हणणे असे की चाळणी मोठी ठेवावी आणि खडे हाताने वेचावेत. बारीक चाळणीत दाणेच अडकतात.

फोनवरच्या पुष्कळ अ‍ॅपांत हे कंस चालत नाहीत. मग कागद घ्यावा, डाव्या बाजूला पहिल्या कंसाचे शब्द, वर दुसऱ्याचे, आणि चौकटी आखून एकेक जोडी शोधावी. पाच गुणिले पाच म्हणजे पंचवीस वेळा शोध; कंटाळवाणे काम आहे, पण एका दुपारीत होते. घरात संगणक असेल तर सोपी वाट अशी की अनुवादाचा युनिकोडमधला मजकूर लिबरऑफिस रायटरमध्ये घ्यावा, ‘शोधा आणि बदला’च्या खिडकीत ‘रेग्युलर एक्सप्रेशन्स’पुढे खूण करावी. तिथे फुलीचा अर्थ वेगळा असतो. म्हणून शब्दाच्या शेवटची फुली गाळून नुसता तुकडा लिहावा, आणि दोन कंसांच्या मध्ये एक टिंब आणि एक फुली द्यावी: (मुली|स्त्री|स्त्रि).*(वाट|हिस्स|हिश्श). म्हणजे एकाच परिच्छेदात आधी पहिल्यातले काही आणि नंतर दुसऱ्यातले काही आले की ते सापडते. क्रम उलटा असण्याची शंका असेल तर कंसांची अदलाबदल करून पुन्हा शोधावे.

सवय होण्यासाठी ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे काही शोधून पाहावे, असे आम्ही सुचवू. उदाहरणार्थ नमाज आणि जकात यांचा जोडीने आलेला आदेश. सूरह बकराच्या ४३ व्या आणि ११० व्या आयतीत तो आहे, सूरह नूरच्या ५६ व्यात आहे, सूरह मुज्जम्मिलच्या शेवटच्या आयतीत आहे, आणखीही ठिकाणी आहे. अनुवादात कुठे नमाज ‘कायम’ करायची असते, कुठे ‘प्रस्थापित’, कुठे ‘अदा’. तुमच्या कंसाने या चारही आयती आणल्या तर कंस ठीक, एखादी सुटली तर ती उघडून तिथला शब्द पाहावा आणि कंसात टाकावा. दुसरे चांगले उदाहरण, लोक प्रेषित (स.) यांना प्रश्न विचारतात आणि कुरआन उत्तर देतो अशा आयतींचे. अरबीत ‘यस्अलूनक’ हा शब्द १५ वेळा येतो: नव्या चंद्राबद्दल, दारू आणि जुगाराबद्दल, यतीम मुलांबद्दल, आत्म्याबद्दल, कयामतच्या घडीबद्दल. अरबीत एकच शब्द, पण मराठीत ‘तुम्हाला’, ‘तुम्हांस’, ‘आपणास’, ‘तुला’ आणि ‘विचारतात’, ‘प्रश्न करतात’, ‘पृच्छा करतात’. पंधरा मोजून होईपर्यंत मुलांनी हा खेळ खेळावा.

अरबीची थोडीफार ओळख असणाऱ्यांना याहून पक्की सोय आहे. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या ‘कुरआनिक अरेबिक कॉर्पस’मध्ये प्रत्येक शब्दाची मूळ धातुनिहाय नोंद आहे. तिथे ‘साद-बा-रा’ हा धातू उघडला की सब्र आणि त्याची सगळी रूपे मिळून १०३ जागा एकत्र दिसतात. मग त्या आयतींचे क्रमांक घेऊन मराठी अनुवाद उघडावा आणि अनुवादकाने कुठे ‘संयम’ लिहिले, कुठे ‘धीर’, कुठे ‘सहनशीलता’ ते पाहावे. ‘सबुरी’ तर मराठीने कधीच आपली करून घेतली आहे, पण अनुवादात ती क्वचितच भेटते, याचे आम्हाला थोडे वाईट वाटते.

हे काम यंत्राच्या आधीपासूनचे

ही सारी खटपट संगणकाने सुरू केली असे कोणाला वाटेल. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात डोमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची हाताने केली. लंडनच्या अलेक्झांडर क्रूडन यांनी १७३७ साली इंग्रजी बायबलची केली. कुरआनची अशी सूची जर्मन विद्वान गुस्ताव फ्ल्यूगेल यांनी १८४२ मध्ये लाइपझिगहून छापली, आणि १९४५ मध्ये कैरोत मुहम्मद फुआद अब्दुल बाकी यांचा ‘अल-मुअजम अल-मुफहरस’ निघाला. अब्दुल बाकी यांनी फ्ल्यूगेलच्या कामाचा आधार घेतला आणि त्यातल्या चुका दुरुस्त केल्या. आजही मदरशांच्या कपाटात हा जाडजूड ग्रंथ असतो. एका शब्दाला किती अर्थ आणि एका अर्थाला किती शब्द, यावर तर आपल्या उलेमांनी त्याच्या कितीतरी आधी ‘वुजूह व नज़ाइर’ नावाची स्वतंत्र विद्याशाखा उभी केली होती. हिजरी दुसऱ्या शतकातल्या मुकातिल बिन सुलैमान यांचा या विषयावरचा ग्रंथ उपलब्ध आहे.

धुळ्यात हे सांगताना गुरुजींनी एक आठवण दिली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत, हे खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. त्याच विनोबांनी पुढे अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि विषयवार आयती निवडून ‘कुराण-सार’ तयार केले. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या नावाचे पुस्तक लिहिले. विषयवार आयती निवडायच्या म्हणजे वेगवेगळ्या शब्दांमागचा एक अर्थ ओळखायचा. तेव्हा त्यासाठी सारा ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचण्याखेरीज उपाय नव्हता.

आता काही अडचणी, ज्यांत आम्ही स्वतः अडकलो. मोठी अडचण पीडीएफची. मराठीतली कित्येक दीनी पुस्तके जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी कळांची अक्षरे. त्यात ‘अल्लाह’ शोधला तरी निकाल शून्य! पाने नुसती स्कॅन केलेली असतील तर तिथे शब्दच नसतो, चित्र असते. म्हणून कुठल्याही फाइलीत शोध घेण्याआधी पहिल्याच पानावर डोळ्यांसमोर दिसणारा एक शब्द शोधून पाहावा. तोही सापडला नाही तर ती फाइल शोधाच्या कामाची नाही, एवढेच समजावे.

दुसरी अडचण नुक्त्याची. ‘नमाज’ कोणी साधा लिहितो, कोणी ‘ज’खाली टिंब देतो. हे टिंबवाले अक्षर संगणक दोन तऱ्हांनी साठवू शकतो, एकच अक्षर म्हणून किंवा ‘ज’ आणि टिंब अशी दोन अक्षरे म्हणून. दिसायला दोन्ही सारखीच. चांगले सॉफ्टवेअर ती एक मानते, साधे मानत नाही. ‘कुरआन’, ‘कुराण’, ‘क़ुरआन’, तसेच ‘हदीस’ आणि ‘हदिस’ यांचेही हेच. जुन्या छपाईत ‘तुम्हांला’, ‘नाहीं’, ‘मध्यें’ असे अनुस्वार असत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुनी पुस्तके तशीच आहेत. अशा वेळी शब्दाचा निर्धोक तुकडाच शोधावा, पूर्ण शब्द नको.

आणि सापडल्यावरची एक गोष्ट. शोधाच्या निकालात आयतीचा अर्धाच तुकडा दिसतो. सूरह निसाच्याच ४३ व्या आयतीतला नमाजच्या जवळ न जाण्याचा अर्धा भाग उचलून ‘नशेत असताना’ ही अट सोडून देणाऱ्याचा किस्सा आपल्याकडे म्हणीसारखा सांगितला जातो. वारसाहक्काच्या आयतींत तर प्रत्येक वाक्याला पुढची अट जोडलेली आहे: मूल असेल तर, नसेल तर, वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतर. भाचीने सापडलेल्या दोन ओळी भावाला पाठवायला फोन हातात घेतला होता. आम्ही तिला थांबवले. सूरह निसाच्या ७ पासून १४ पर्यंतच्या आयती एकत्र वाच आणि मग आलिमसाहेबांना दाखव, असे सांगितले.

तिने तसे केले. आलिमसाहेबांनी हिशोब मांडून दिला. आधी दफनविधीचा खर्च, पीककर्ज, आणि आपाची मेहर द्यायची राहिली असेल तर तीही, कारण मेहर हे कर्जच आहे. मग वसीयत असेल तर ती, एक तृतीयांशाच्या मर्यादेत. उरलेल्याचे ३२ भाग: आपाला ४, मुलाला १४, दोन्ही मुलींना ७-७. जमीन तशीच धरली तर आठ एकरांत आपाचा एक एकर, मुलाचे साडेतीन, आणि प्रत्येक मुलीचा एक एकर तीस गुंठे. १९३७ च्या शरीअत कायद्याच्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे, तेव्हा कागदपत्रांची बाजू वकिलाकडून पाहून घ्या, असेही त्यांनी सांगितले. मुलींना आपला वाटा राजीखुशीने भावाला द्यायचा असेल तर कोणी अडवणार नाही. पण काय देतो आहोत ते आधी कळलेले असावे.

भावाने कागद वाचला. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बहिणीकडून कंसांची ती आकृती मागवून घेतली आणि स्वतः शोधून पाहिले. हक्कसोडपत्राचा स्टँप अजून तसाच पडून आहे, सह्या झालेल्या नाहीत.

आम्ही धुळ्याहून निघताना भाचीने फाटकाशी विचारले, “मामू, मग अम्मीचा वाटा कुठे आहे? तुमच्याकडचा?” तिने भांडणासाठी विचारले नव्हते. हिशोब ताजा होता, तिने तो पुढे नेला एवढेच.

एरंडोलजवळ आमच्या वडिलांची पाच एकर शेती आहे. ते वारले तेव्हा आपाने आमच्यासाठी एका कागदावर सही केली होती. तिला काय द्यायचे निघते हे कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. त्यानंतर अम्मीही गेली. दोन भाऊ, एक बहीण. पाच भाग केले तर आमचे दोन-दोन आणि तिचा एक. म्हणजे एक एकर. हे काढायला कुठल्याही सॉफ्टवेअरची गरज पडली नाही. जळगावला आल्यावर आम्ही आपाला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “आधी माझ्या पोरींचं होऊ द्या. माझं नंतर बघू.” दुसऱ्या दिवशी आम्ही सातबाऱ्याचा नवा उतारा काढून आणला. तो धाकट्याच्या खोलीत, रेहलशेजारी ठेवला आहे.